जुना गेम नव्या संचात

(दिग्रस येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

व्हिडिओ गेम हा काय व्याख्यानाचा विषय झाला का, असं समोर बसलेल्या काही ज्येष्ठांच्या मनात आलं असेल. म्हणून आम्ही सुरुवात नाटकापासून करतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. त्या काळी संगीत नाटकाचा प्रयोग रात्रभर रंगायचा. आज तेच नाटक तीनेक तासांत बसवतात. पदं कमी होतात, नेपथ्य बदलतं, नट तर बदलतातच. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘नव्या संचात’. तरी प्रेक्षक जातो, कारण त्याला ओळखीचं पद ओळखीच्या जागी ऐकायचं असतं. ते चुकलं की पडदा कितीही झगमगीत असो, माणूस चुळबुळायला लागतो.

जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रांवर आणताना नेमका हाच पेच पडतो. काय बदलायचं आणि काय जपायचं, एवढाच आजचा विषय आहे. त्यात एक मोठं उदाहरण आपल्या पुण्या-मुंबईचं आहे. तिथे आपण शेवटी पोहोचू.

आधी जुनी आठवण. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचा एक डबा आपल्याकडे घराघरांत यायला लागला. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्याकडे आलेले बहुतेक डबे म्हणजे त्याच्या नकला. कॅसेट चालली नाही की तिला फुंकर मारायची. मारिओ सातव्या-आठव्या टप्प्यावर पोहोचला आणि लाइन गेली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची सोयच त्यात नव्हती.

आता कोणी विचारेल, जुना सिनेमा आपण मोबाइलवर लावतो आणि तो चालतो. मग जुना गेम तसाच का लावता येत नाही? कारण सिनेमा म्हणजे ओळीने लावलेली चित्रं. गेम म्हणजे सूचनांची यादी, आणि ती यादी एका ठरावीक यंत्रासाठी लिहिलेली असते. फॅमिकॉमची कामापुरती मेमरी होती २ किलोबाइट. १९८५ चा अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्या लोकांनी काय केलं बघा: मारिओच्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. अशा युक्त्या त्या यंत्राच्या अंगाने केलेल्या असतात. यंत्र बदललं की त्या जशाच्या तशा कामाला येत नाहीत.

मग जुना गेम नव्या यंत्रावर आणायचे मार्ग कोणते? ढोबळमानाने चार.

पहिला मार्ग इम्युलेटर. हा दुभाषा आहे. नवं यंत्र जुन्या यंत्राचं सोंग घेतं आणि जुन्या सूचना तशाच्या तशा चालवतं. यात मूळ गेमच्या चुकासुद्धा जिवंत राहतात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये टप्पे मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जाऊच शकत नव्हता. त्यामुळे २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांचा नुसता कचरा होऊन जातो. चांगल्या इम्युलेटरवर आजही तो तसाच होतो.

दुसरा मार्ग पोर्ट. म्हणजे तोच गेम दुसऱ्या यंत्राच्या भाषेत पुन्हा लिहायचा. तिसरा रिमास्टर. यात आतला गेम जुनाच राहतो, चित्र आणि आवाज तेवढे स्वच्छ करतात. आणि चौथा रिमेक. गोष्ट आणि नियम जुने, बाकी सगळं पायापासून नवं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी निसटतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, बदकांचं. त्या डब्यासोबत प्लास्टिकची बंदूक यायची, आठवतं? टीव्हीवरच्या बदकावर नेम धरायचा. तीच बंदूक आज एलईडी टीव्हीला लावून पाहा. एक बदक पडायचं नाही. कारण त्या बंदुकीतून काही बाहेर जातच नव्हतं, ती फक्त बघत होती. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा भाग असतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं म्हणजे नेम लागला. एका चित्राचा वेळ सेकंदाचा साठावा भाग, आणि हिशेब सगळा तेवढ्यातला. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ त्याच क्षणी उमटायचं. आजचा टीव्ही आधी चित्रावर संस्कार करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात गेमने ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं. म्हणून २०१४ मध्ये निन्टेंडोने ‘डक हंट’ नव्या यंत्रावर दिला, तेव्हा बंदुकीऐवजी पडद्याकडे रोखायचा रिमोट वापरला. चित्र तेच ठेवलं, पण नेम धरायची रीत बदलावी लागली.

दुसरं उदाहरण हातात धरायच्या यंत्राचं. १९९९ मध्ये मारिओचा पहिला गेम ‘गेम बॉय कलर’वर आणला. मूळ चित्र २५६ ठिपके रुंद आणि या छोट्या यंत्राचा पडदा १६० ठिपक्यांचा. सगळं चित्र बारीक करून कोंबलं असतं तर मारिओ मुंगीएवढा झाला असता. म्हणून मारिओचा आकार तोच ठेवला आणि खिडकी लहान केली. झालं काय, की समोरून येणारा शत्रू उशिरा दिसायला लागला. नियम एकही बदलला नाही, तरी खेळ अवघड झाला. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये धाव घ्यायचं अंतर तेच ठेवून गोलंदाजाला चार पावलं पुढून टाकायला सांगा, तसंच हे.

तिसरं उदाहरण सुधारणेच्या नावाखाली होणाऱ्या नुकसानीचं. २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चे तीन जुने गेम रिमास्टर होऊन आले. त्यात डोनटच्या एका दुकानाचं नाव ‘टफ नट’. मूळ गेममध्ये पाटीवर डोनटच्या जागी मुद्दाम सहा कोपऱ्यांचा लोखंडी नट काढलेला होता. तो विनोद होता. नव्या आवृत्तीत कोपरे खडबडीत समजून घासले गेले आणि नटाचा गुळगुळीत गोळा झाला. चित्र स्वच्छ झालं, विनोद गेला. या संचात इतके दोष निघाले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या गेममध्ये जपायचं असतं ते चित्र कमी आणि हाताची सवय जास्त. बटण दाबल्यापासून उडी पडेपर्यंतचा वेळ आपल्या बोटांना पाठ असतो. १९९३ मध्ये मारिओचे जुने गेम नव्या चित्रांसह एकत्र आले. मूळ गेममध्ये विटेवर डोकं आपटून ती फुटली की मारिओ लगेच खाली यायचा. नव्यात वीट फुटल्यावर तो क्षणभर वरच जात राहतो. फरक डोळ्याला दिसतही नाही. पण ज्यांनी मूळ गेम खेळला होता, त्यांच्या बोटांनी तो पकडला.

आता पुण्याकडे वळू.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये केला. राजपुत्राचं पळणं आणि उडी खरी दिसावी म्हणून त्याने धाकट्या भावाचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासला जाणाऱ्या कितीतरी मुलांचा हा पहिला गेम. त्याच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या. मूळ गेममध्ये १२ टप्पे आणि एक तासाची मुदत होती. १९९२ च्या सुपर निन्टेंडो आवृत्तीत २० टप्पे आणि दोन तास. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने याच नावाने नवा गेम काढला, ‘द सँड्स ऑफ टाइम’. त्यात राजपुत्राच्या हातात एक खंजीर असतो. उडी चुकली, दरीत पडलो, तर खंजिराच्या जोरावर वेळ काही सेकंद मागे न्यायची. त्या गेमचा सगळा गोडवा त्यात होता.

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने याच गेमचा रिमेक जाहीर केला आणि काम कोणाकडे दिलं? पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा, मुंबईचा २०१८ चा. एवढ्या मोठ्या नावाच्या गेमची धुरा महाराष्ट्रातल्या मुलांकडे येणं ही साधी गोष्ट नव्हती. जानेवारी २०२१ ची तारीखही ठरली होती. पण पहिली झलक बाहेर आली आणि जगभरातून टीका झाली, की चित्रं आजच्या काळाची वाटत नाहीत. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपवलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने हा रिमेक रद्दच करून टाकला.

यावर आपल्याकडे एक वाक्य पटकन निघतं, ‘आपल्या पोरांना जमलं नाही.’ आम्हाला हे मान्य नाही. ज्या मॉन्ट्रियलने मूळ गेम घडवला, त्याच मॉन्ट्रियलकडे हे काम साडेतीन वर्षं होतं. तरी ते बाजारात आलं नाही. यंत्राची ताकद कमी पडली असंही नाही. मूळ गेम ज्या प्लेस्टेशन २ वर आला त्याची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट, रिमेक ज्या प्लेस्टेशन ४ साठी होता त्याची ८ गिगाबाइट. म्हणजे २५६ पट. रिमेकमधली अडचण अशा आकड्यांनी सुटत नाही. खेळणाऱ्याच्या मनात २००३ चा गेम खरा होता त्याहून देखणा होऊन बसलेला असतो. नव्या गेमची तुलना त्या मनातल्या गेमशी होते.

हे काम मुळीच होत नाही असंही नाही. २००१ चा ‘सायलेंट हिल २’ पोलंडच्या ब्लूबर टीमकडे दिला तेव्हा लोकांनी आधी नाकं मुरडली. २०२४ मध्ये रिमेक आला आणि तीच माणसं खूश झाली. आपल्या पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीची बांदाई नामकोने २०२१ मध्ये ‘पॅक-मॅन’च्या अधिकृत मोबाइल गेमच्या कामासाठी निवड केली. मजा बघा, १९८० च्या पॅक-मॅनचा पडदा उभा होता, त्यामुळे तो मोबाइलवर चपखल बसतो. कसोटी लागते ती दांड्याची. मूळ यंत्रावर चार दिशांचा दांडा होता, इथे काचेवर बोट सरकवायचं. वळण यायच्या थोडं आधी बोट सरकवलं तरी ते ध्यानात ठेवून नेमक्या कोपऱ्यावर वळवणं, ही अशा गेममधली खरी कारागिरी.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. रिमेक करायचा तर मूळ कागद हाताशी लागतो. गेमचा मूळ कागद म्हणजे सोर्स कोड, प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ सूचना. ‘सायलेंट हिल’चाच २०१२ चा संच घ्या. तो करणाऱ्यांना अखेरचा, पक्का कोड मिळालाच नाही. अर्धवट कोडवरून काम करावं लागलं आणि गावभर पसरलेलं ते भीतीदायक धुकंच बिघडलं. उलट मेकनरच्या मूळ ‘प्रिन्स’चा कोड हरवला असं सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. एका घरातलं खोकं टाकून दिलं नव्हतं, म्हणून तो वाचला.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी मांडली. २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. आपल्याकडे काय? १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सने बटणांच्या मोबाइलवर चालणारे कितीतरी गेम काढले. तुमच्यातल्या अनेकांनी ते एसटीत बसून खेळले असतील. आज ते दुकानात मागून मिळतील का?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. म्हणून दिग्रसमध्ये कोणी कवितांचं चोपडं जरी छापलं, तरी त्याची एक प्रत कुठेतरी राहावी अशी सोय आहे. गेमला ती सोय नाही. कायद्याने तो साहित्य ठरला, पण त्याच्यासाठी कपाट कोणी केलं नाही.

तेव्हा एवढीच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा तो डबा, कॅसेट, जुना मोबाइल सापडला तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा थांबा. सेल असतील तर काढून ठेवा, नाहीतर आत गळून सगळं खराब करतात. पेटीवर वर्ष आणि कोणी घेतला होता ते लिहा. आणि घरात गेम शिकणारं, कोड लिहिणारं कोणी असेल तर त्याला सांगा, तुझं काम दोन ठिकाणी जपून ठेव. वीस वर्षांनी ते कोणाला नव्या संचात करावंसं वाटलं, तर पहिला प्रश्न हाच येणार आहे, मूळ कुठे आहे?

इथे थांबतो.