कुंपण शेत खातं तेव्हा

कर्करोगाचं कारण शोधताना आपण बाहेर पाहतो: तंबाखू, ऊन, धूर. पण अनेक गाठींच्या डीएनएवरचे ओरखडे आपल्याच विषाणूविरोधी शस्त्राचे असतात. अपोबेक-३ नावाच्या या विकरांची सात जनुकं माणसाच्या २२व्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. उंदराकडे एकच आहे. त्यांपैकी अपोबेक-३जी एचआयव्हीला अडवतं, हे अ‍ॅन शीही, मायकेल मॅलिम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनएची नक्कल काढतो आणि ती काही काळ एकेरी धाग्याची असते. तेवढ्यात हे विकर तिच्यातल्या ‘सी’ अक्षरांचं ‘यू’ करत सुटतं आणि विषाणूचा मजकूर बिघडतो. विषाणूनेही तोड काढली आहे: त्याचं व्हिफ प्रथिन या विकराचीच विल्हेवाट लावायला लावतं.

एकेरी धागा मात्र आपल्या पेशीतही उघडा पडतो, डीएनएची प्रत काढताना किंवा तुटलेला भाग सांधताना. विकराला आपलं-परकं कळत नाही. २०१२ मध्ये सेरेना निक-झैनल आणि सहकाऱ्यांनी स्तनांच्या २१ कर्करोगांचा सारा जनुकीय मजकूर वाचला, तेव्हा ‘टी’मागून येणाऱ्या ‘सी’वरचे बदल काही ठिकाणी पावसाच्या सरीसारखे दाट पडलेले दिसले. ठसे सापडले म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही, बहुतेक बदल निरुपद्रवीच असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगांत, पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या पीआयके३सीए जनुकात वारंवार आढळणारे बदल याच खुणेचे आहेत. ज्यांच्यात संशयित अपोबेक-३बी जन्मतःच नसतं, त्यांच्या गाठींतही ठसे मिळतात, हा दुसरा आक्षेप. त्याने संशय मिटत नाही, भावंडाकडे वळतो: कर्कपेशींतून अपोबेक-३ए काढल्यावर असे बदल बरेच घटतात, हे २०२२ मध्ये प्रयोगांनी दाखवलं.

इतकं धोक्याचं शस्त्र उत्क्रांतीने ठेवलं का? विषाणू लहान वयात जीव घेतो, कर्करोग बहुधा मुलंबाळं झाल्यानंतर गाठतो. निवड पहिल्या शत्रूच्या धाकाने होते. म्हणून हे विकर औषधाने सरसकट दाबणं मला धोक्याचं वाटतं, कारण विषाणू आजही दारात आहेत. एचपीव्हीचा संसर्ग मुरला की पेशीत ही विकरं वाढतात. तो संसर्गच टळला तर शस्त्र उपसावं लागत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीविरोधी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. मुलीला ती वेळेवर टोचून घेणं, हा या सगळ्या संशोधनाचा घरापर्यंत पोचणारा अर्थ आहे.