खरजेची कंडू आणि त्वचेतील प्रतिकारक पेशी

पामा या क्षुद्रकुष्ठात कंडूयुक्त पिडका चरकाचार्यांनी सांगितल्या आहेत. पामा म्हणजेच आजची खरूज, असे सरसकट समीकरण प्रस्तुत लेखकास मान्य नाही. तथापि खरजेतील कंडू कशी उत्पन्न होते, हे जाणल्यावाचून चिकित्सेचे यशापयश ठरविता येत नाही.

खरजेच्या किड्याची मादी त्वचेच्या बाह्यतम थरात बीळ करून अंडी घालते. सामान्य रुग्णाच्या अंगावर अशा माद्या सरासरी 10-12 च असतात. मग सर्वांगास कंडू का सुटावी? कारण ती प्रामुख्याने प्रतिकारक पेशींच्या प्रतिक्रियेची असते. किड्याची लाळ, विष्ठा व अंडी यांतील प्रथिने त्वचेतील लँगरहॅन्स पेशी उचलतात आणि लसिकाग्रंथींतील टी-पेशींपुढे ठेवतात. ही ओळख पटण्यास वेळ लागतो. शिवाय किड्याची काही प्रथिने रक्तरसातील ‘कॉम्प्लिमेंट’ यंत्रणेस अडवून धरतात! म्हणून प्रथम संसर्गात 4 ते 6 आठवडे कंडू नसते. केनेथ मेलनबी यांनी 1940 च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यांत पहिल्या वेळी सुमारे महिन्याने सुटलेली कंडू पुनःसंसर्गात 24 तासांतच सुटली. अर्थात घरातील न खाजविणारी व्यक्तीही बाधित असू शकते. सर्वांस एकाच दिवशी औषध द्यावे ते याचसाठी.

पापुद्र्यांच्या खरजेत चित्र पालटते. तेथे त्वचेत सीडी-8 पेशी दाटतात, आयजीई व इओसिनोफिल वाढतात, तरीही किडे सहस्रावधी होतात. एचआयव्हीबाधित व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यास विशेष बळी पडतात.

येथे औषधविक्रेत्या बंधूंचे लक्ष वेधावेसे वाटते. स्टेरॉइडयुक्त मलमाने पेशींची प्रतिक्रिया दडपते, कंडू शमते, ग्राहक संतुष्ट होतो. किडे मात्र निर्वेध वाढतात आणि पिडकांचे स्वरूप बदलल्याने निदानही चुकते. 2018 पासून अशी मलमे चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे.

उलटपक्षी, परमेथ्रिन 5 टक्के आठवड्याच्या अंतराने दोनदा, वा गंधकाचे मलम सलग तीन रात्री लावल्यावरही 2 ते 4 आठवडे कंडू राहू शकते. मृत किड्यांचे अवशेष त्वचा झडेपर्यंत तेथेच असतात. या काळात औषध पुनःपुन्हा चोळल्यास केवळ दाह वाढतो. त्यानंतरही नवी बिळे दिसल्यास, घरातील कोण उपचाराविना राहिले याची प्रथम चौकशी करावी.