मागचे चार टायर काढून दोन घालावेत का?

प्रश्न आला कुठून

अमेरिका-कॅनडात मागे चार चाकं असलेले मोठे पिकअप ट्रक मिळतात. बोट, राहायची गाडी, जनावरांची ट्रॉली असलं काहीबाही ते ओढतात. बर्फ पडायला लागला की तिथले काही मालक मागची जोडचाकं उतरवतात आणि दोन्ही बाजूंना एकेक रुंद चाक बसवतात. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांनाच दिसतात. भिलाईच्या रिसाली-मरोद्यात ज्यांच्या घरी ट्रक किंवा ट्रेलर आहे, त्यांच्या बैठकीत मग हा विषय निघतोच. मोह होणं साहजिक आहे. दहा चाकी गाडीत आठ टायर मागेच असतात, आणि टायरच्या दुकानातलं बिल डिझेलखालोखाल दुखतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. माल वाहणाऱ्या गाडीत हा उद्योग करू नये. का करू नये, ते मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे.

टायरच्या अंगावरचे दोन आकडे

गाडीजवळ जाऊन टायरची बाजू पुसून पाहा. २९५/८० आर २२.५ मापाच्या पुष्कळ टायरांवर १५२/१४८ असे दोन आकडे सापडतील. पहिला आकडा टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. १५२ म्हणजे ३,५५० किलो, १४८ म्हणजे ३,१५० किलो.

जोडीत टायरची क्षमता घटते, कारण जोडीतले दोघं कधीच सारखं ओझं उचलत नाहीत. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. एकात हवा कमी, दुसऱ्यात जास्त असते. आतला टायर ब्रेकच्या ड्रमशेजारी तापत असतो आणि त्याला वाराही कमी लागतो. म्हणून कंपनी आधीच हात राखून आकडा छापते.

आता धुऱ्याचा हिशेब करू. चार टायर असले तर १२,६०० किलो. तेच दोन ठेवले तर ७,१००. म्हणजे एका धुऱ्यावरचे साडेपाच टन गेले. ‘रुंद टायर टाकू’ असं कोणी म्हणेल. ३८५/६५ आर २२.५ हा रुंद टायर १६० क्रमांकाचा, म्हणजे ४,५०० किलोंचा मिळतो. दोन टायरांचे झाले नऊ टन. जोडीची बरोबरी तरीही होत नाही.

ओढणाऱ्या गाडीत ही गोष्ट जास्त बोचते. भिलाईतून प्लेटा किंवा सळया भरून ट्रेलर निघतो आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ने राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरकडे जातो. त्या ट्रेलरच्या पुढच्या भागाचं सगळं ओझं घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या, पाठीवरच्या कपलिंगवर आणि तिथून बहुतांशी घोड्याच्या मागच्या धुऱ्यांवर येतं. इंजिन कितीही जोमाचं असो, ते नुसतं ओढतं. ओझं पेलायचं काम या टायरांचंच. आणि जोडीतला एक फुटला तर दुसरा काही क्षण तरी सावरून धरतो, ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सवड मिळते. एकेरी टायर फुटला की रिम थेट डांबरावर.

कायद्याचा काटा

भारतात धुऱ्यावर किती वजन चालेल, हे त्या धुऱ्याला किती टायर आहेत यावर ठरतं. १६ जुलै २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एकट्या धुऱ्याला १०.२ऐवजी ११.५ टन, मागच्या जोडधुऱ्यांना १९ऐवजी २१ टन, दोन धुऱ्यांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२वरून १८.५ टन. दोन टायरांच्या धुऱ्याला मात्र सात-साडेसात टनांपलीकडे जाता येत नाही. टायर कितीही भारी कंपनीचा असला तरी.

त्यामुळे दोन टायर काढले की गाडीची पासिंगच बदलली पाहिजे. तसं कोणी करत नाही. आरसीवर जुनाच आकडा, गाडीत जुनाच माल, आणि काट्यावर गाठ पडली की नवा दंड. मोटार वाहन कायद्याच्या १९४व्या कलमाखाली जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार मोजावे लागतात.

बदल करण्याबद्दलचं कलम वेगळं, ते ५२वं. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हीच रेघ ठळक केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवाहू गाडीच्या आरसीवर धुऱ्यागणिक टायरांची संख्या आणि माप लिहिलेलं असतं, तेव्हा ‘ही किरकोळ गोष्ट आहे’ असं म्हणायला जागा उरत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीलाही हात वर करायला आयतं कारण मिळतं.

या नियमांमागे रस्त्याचाही विचार आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक पळवले गेले. त्यातून निघालेला अंदाज आजही अभियंते वापरतात. धुऱ्यावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, जवळपास सोळापट होते. तेच वजन कमी रबरावर टेकवलं तर डांबराला आणखी जाच.

नुसतं बाहेरचं चाक काढून भागत नाही

ट्रकच्या पुढच्या चाकाची डिस्क बाहेर फुगलेली दिसते, मागच्या बाहेरच्या चाकाची आत खोलगट. रिम बहुधा एकच असते, फक्त उलटी बसवलेली. म्हणून तर एकच स्टेपनी पुढेमागे कुठेही चालते. मागे दोन डिस्का पाठीला पाठ लावून बसतात आणि दोन्ही टायरांचं ओझं मिळून हबच्या बेअरिंगच्या आसपास पडतं.

बाहेरचं चाक काढलं की उरलेल्या टायरचा मध्य आत सरकतो. आतलं काढून बाहेरचं ठेवलं तर तो बाहेर सरकतो. दोन्ही प्रकारांत ओझं बेअरिंगच्या ठरलेल्या जागेवर राहत नाही. स्टडची लांबी आणि नटची बैठक दोन डिस्कांच्या जाडीसाठी बेतलेली असते, तीही बघावी लागते. व्हिडिओतले मालक यासाठी वेगळ्या खोलीच्या खास रिमा विकत घेतात. आपल्याकडे गॅरेजवाला मधे लोखंडी चकती घालून ‘होऊन जाईल’ म्हणतो. होतं खरं, पण बेअरिंग किती दिवस टिकेल ते तो सांगत नाही.

बर्फात ते लोक असं का करतात

पुढची चाकं बर्फ दाबून दोन वाटा करतात. मागची चाकं एकेरी असली तर त्याच वाटेवरून येतात. जोडचाकं असली तर त्यांना शेजारचा कोरा बर्फही तुडवावा लागतो. शिवाय गाडी रिकामी असताना थोडकं वजन चार टायरांवर पसरतं, टायर खाली रुततच नाहीत आणि घसरतात. दोन टायरांच्या फटीत बर्फ गच्च बसतो, साखळ्या बांधणंही किचकट होतं. त्या मुलखात, हलक्या गाडीला, ओझं कमी ठेवून हे चालतं.

आपला हिवाळा

भिलाईत बर्फ नाही. इथला हिवाळा ट्रकवाल्यांसाठी धानाचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सोसायट्यांमध्ये सरकारी खरेदी चालते आणि पोती राइस मिलकडे, संग्रहण केंद्राकडे धावत असतात. मधेच अवकाळी पाऊस आला की काळ्या, चिकट कन्हार मातीच्या आवारात भरलेली गाडी बसते. चिखलातही एकेरी चाक पुढच्या चाकोरीतून सरळ जातं हे कबूल. पण भरल्या गाडीला तिथे थोडी पोती उतरवणं आणि चाकाखाली मुरूम किंवा फळी टाकणं हाच इलाज.

या दिवसांत खरं लक्ष हवेकडे द्यावं. हवा थंडीने आकसते. दुपारी तापलेल्या टायरमध्ये, चाळीस अंशांवर, ११० पीएसआय भरली आणि पहाटे टायर बारा अंशांवर उतरला, तर काटा शंभरच्या खाली दिसेल. टायर पंक्चर नाही, गणितच तसं आहे. म्हणून हवा पहाटे, गाडी निघण्याआधी तपासावी. आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून क्लीनर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून पाहतो. भरलेला टायर टणकन उत्तर देतो, बसलेला भदभद वाजतो. थोडी उणी हवा मात्र कानाला कळत नाही, त्याला गेजच लागतो. त्याच वेळी दोन टायरांच्या फटीत अडकलेली गिट्टी काढून टाकावी. ती दोन्ही टायरांच्या बाजू कापत जाते आणि सुटली तर मागच्या गाडीच्या काचेवर बसते.

जोडीतल्या टायरांची उंची हा इथला सर्वांत दुर्लक्षित दोष. नव्याशेजारी घासलेला किंवा रिमोल्ड टायर लावला की उंच टायर सगळं ओझं घेतो आणि बुटका फरफटत झिजतो. मोठ्या मापाच्या टायरांच्या व्यासात अर्ध्या इंचाहून जास्त फरक नसावा.

एकेरी चाकं शोभतात कुठे

जिथे गाडीची आखणीच तशी झालेली असते, तिथे. आपल्या सैन्यासाठी बीईएमएलने बनवलेल्या आठ चाकी टाट्रा ट्रकला प्रत्येक धुऱ्यावर दोनच टायर असतात, भलेमोठे. युरोपात तीन धुऱ्यांच्या ट्रेलरला सर्रास एकेरी रुंद टायर दिसतात, अमेरिकेत २००० साली मिशेलिनने ट्रकसाठी अतिरुंद एकेरी टायर बाजारात आणला. त्यात टायरचं वजन आणि डिझेल दोन्ही वाचतं. आपल्याकडे टायर वाचवायचेच असतील, तर पुढची गाडी घेताना रिकामेपणी वर उचलता येणारा लिफ्ट अॅक्सल असलेली घ्या. तो कारखान्यातून येतो, आरसीवर नोंदलेला असतो आणि कोणी अडवत नाही.

घरच्या गाडीबद्दल मन अजून डळमळत असेल, तर गॅरेजात जाण्याआधी आरसी काढा आणि मागच्या धुऱ्यापुढे लिहिलेला आकडा वाचा.