खडकाची माती आणि मातीचा प्रवास

भूगोलाच्या पुस्तकात विदारण, झीज व संचयन हे तीन शब्द ओळीने येतात आणि मुले ते ओळीने पाठही करतात. परंतु ज्या जमिनीवर आपली शाळा उभी आहे, ती याच तीन क्रियांनी घडली आहे, हे त्यांच्या ध्यानी क्वचितच येते. नाशिक जिल्ह्यातील शिक्षकास याकरिता दूरची उदाहरणे शोधावयास नकोत. अंबडच्या परिसरातून आरंभ करून नदीच्या वाटेने पुढे गेल्यास सर्व पाठ क्रमाने समोर येतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला. त्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. हा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा कातळ. त्याचे काही थर कठीण, तर काही ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतात व कठीण थर कड्यांच्या रूपाने उरतात. म्हणूनच आपल्याकडील डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात.

खडक जागच्या जागी फुटणे किंवा कुजणे, यास विदारण म्हणतात. दिवसाच्या उन्हाने खडक प्रसरण पावतो व रात्रीच्या गारव्याने आकुंचन पावतो. त्यामुळे त्यास चिरा पडतात. चिरांत पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात. पावसाच्या पाण्यात हवेतील कर्बद्विप्राणिद वायू विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते व खडकातील खनिजे हळूहळू बदलून टाकते. नवी विहीर खोदली जात असता हा क्रम स्पष्ट दिसतो. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे आणि तळाशी अभंग कातळ.

ही क्रिया किती मंद आहे, याची साक्ष अंबडनजीकच्या त्रिरश्मी डोंगरावर मिळते. तेथील पांडवलेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, क्षत्रप व सातवाहन यांच्या काळात कोरली गेली. नहपान व गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या काळचे ब्राह्मी लेख ओसरीच्या आडोशाला असून ते आजही वाचता येतात. उघड्या उतारावर पाऊस व मुळे यांमुळे विदारण अधिक वेगाने होते हे खरे. तरीही तेथे बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

सुटलेले कण वाहत्या पाण्याबरोबर निघाले की झीज सुरू होते. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आषाढ-श्रावणात गढूळ होते. अंबड-सातपूरच्या बाजूने येऊन तिला मिळणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, हीही तशीच गढूळ वाहते. तो रंग पाण्याचा नव्हे. ती वरच्या उतारांवरील व शेतांतील माती आहे.

पाण्याचा वेग मंदावला की ते आपले ओझे खाली ठेवते, हेच संचयन. प्रथम गोटे, मग वाळू व शेवटी गाळ बसतो. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर येथे बंधारा बांधल्यावर त्यामागे गाळ साचला, बेटे व पाणथळ जागा निर्माण झाल्या आणि असंख्य पक्षी तेथे येऊ लागले. २०२० साली या स्थळास महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. मात्र ज्या गाळाने पक्ष्यांना आश्रय दिला, त्यानेच जलाशयाची साठवणही घटविली. उरलेला बारीक गाळ घेऊन गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते व बंगालच्या उपसागराशी त्रिभुज प्रदेश रचते.

या तीन क्रिया निसर्गक्रमाने चालतात; त्या थांबविता येत नाहीत व थांबविण्याचे कारणही नाही. परंतु उतारावरील झाडे तोडली, गवत उपटले किंवा उताराच्या दिशेने नांगरट केली, तर शेकडो वर्षांत बनलेली माती थोड्याच पावसाळ्यांत निघून जाते. मुरूम उघडा पडलेल्या शेतात पीक धरत नाही. समपातळीवरील बांध, आडवी नांगरट व उतारावरील गवत यांचा हेतू एवढाच, की धावणाऱ्या पाण्याने चालावे आणि माती शेतातच राहावी.

शिक्षकांनी वर्गात दोन सोपे प्रयोग करावेत. काचेच्या बरणीत खडे, वाळू, माती व पाणी घालून ती हलवावी व स्थिर ठेवावी. कोणता थर आधी बसतो, ते मुलांनी वहीत लिहावे. नंतर दोन तिरप्या फळ्या घेऊन एकीवर मोकळी माती व दुसरीवर गवतासह उचललेला मातीचा थर ठेवावा. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून खाली जमलेले पाणी निरनिराळ्या भांड्यांत धरावे. दोन्ही भांडी शेजारी ठेवून मुलांना प्रश्न विचारावा: आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी यांपैकी कोणत्या भांड्यासारखे आहे, आणि ते तसे का?