एकाच फोनवरून आलेली चाळीस उत्तरं
लेखमाला : आकड्यांच्या मुळाशी – भाग ९

मागच्या आठवड्यात नमुना कसा निवडतात ते पाहिलं. नमुना कितीही नीट निवडला तरी ऑनलाइन सर्वेक्षणात पुढचा प्रश्न उरतोच. उत्तर देणारा माणूस खरा आहे का, आणि त्याने एकदाच उत्तर दिलं आहे का?

समजा, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला कापूस उत्पादकांचं ऑनलाइन सर्वेक्षण घ्यायचं आहे. गुलाबी बोंडअळीने किती नुकसान केलं, फवारण्या किती झाल्या, कापूस कोणाला विकला, असे साधे प्रश्न. लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि आठवडाभरात दोनशे उत्तरं आली. पुण्यात बसलेल्या विश्लेषकाने ती उघडली, तर त्यातली चाळीस उत्तरं एकाच फोनवरून, एकाच दुपारी, साधारण चार-चार मिनिटांच्या अंतराने भरलेली. संगणकाचा नियम सांगतो, ही चाळीसही बाद करा.

हा नियम जिथे घडला तिथे प्रत्येक माणसाचा फोन वेगळा असतो आणि फॉर्म ज्याचा तोच भरतो. आपल्याकडे गावातला माणूस फॉर्म भरायला सेतू केंद्रात जातो. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळं तिथेच. केंद्र चालवणारा मुलगा प्रश्न वाचून दाखवतो, काका सांगतात, तो बटण दाबतो. मागे दहाजण रांगेत उभे असतात. त्या चाळीस उत्तरांमागे चाळीस खरे शेतकरी असू शकतात. किंवा एकच मुलगा असू शकतो, ज्याने चाळीस नावं घरबसल्या भरली. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आजचा सगळा भाग या दोघांना वेगळं कसं ओळखायचं यावर आहे.

दुबार नोंद पकडण्याचा एक जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे मतदानात बोटावर लावतात ती शाई. महाराष्ट्राने तो शाळांतही वापरला आहे. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी पटावरची मुलं खरोखर आहेत का हे तपासण्यासाठी एकाच वेळी सगळ्या शाळांत मोजणी केली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा उभं करता येऊ नये. पुढे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. पटावर नाव आहे पण मूल हजर नाही, अशी संख्या २० लाखांच्या घरात निघाली. त्यातलं प्रत्येक नाव खोटं होतं असं मात्र नाही. आजारी मूल, आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेलेलं मूल, तेही गैरहजरच मोजलं गेलं. शाई दुबार माणूस पकडते. न आलेला माणूस खोटा आहे की नुसता लांब आहे, हे तिला कळत नाही.

ऑनलाइन जगात बोट नाही, म्हणून शाईला पर्याय शोधले गेले. पहिला पर्याय इंटरनेटचा पत्ता. पण पत्त्यांचा तुटवडा असल्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, तेव्हा एका पत्त्यावरून आलेली दोन उत्तरं ही दोन अनोळखी माणसांचीही असतात. दुसरा पर्याय ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण. ती पुसायला दोन सेकंदं लागतात, त्यामुळे फसवणाऱ्याला तिचा त्रास नाही. तिसरा म्हणजे ओटीपी. हा बराच कामाचा, पण एका घरात एकच फोन असेल आणि तो मुलाच्या खिशात असेल, तर सासू आणि सून दोघींचं मत मुलाच्या नंबरावर अडतं. चौथा, फोनचं ठिकाण. गावठाणातली घरं भिंतीला भिंत लावून असतात. तिथे जीपीएसच्या चुकीचं अंतरच दोन घरांमधल्या अंतराहून मोठं पडतं.

शेताचं मात्र तसं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही माझ्या मते आपल्याकडची सर्वांत मोठी स्वयंनोंद आहे. आपल्या शेतात काय पेरलं ते शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवतो. घरी बसून कोणी काहीही भरू नये म्हणून पिकाचा फोटो शेतात किंवा शेतापासून ५० मीटरच्या आत उभं राहून काढावा लागतो, आणि शेतकऱ्यांनी केलेल्या नोंदींपैकी १० टक्के तलाठ्याने तपासाव्यात अशी सोय ठेवली गेली. शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि त्यातला थोडा भाग जाऊन पाहायचा, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. पाहणीला जाणारा प्रत्येक नोंदीकडे जाऊ शकत नाही, पण तो कोणाकडे येईल हे कोणालाच आधी ठाऊक नसतं.

आता पैशाकडे येऊ. खोट्या नोंदी कुठे उगवतात हे पाहायचं असेल, तर एका नोंदीमागे कोणाला किती मिळतात हे आधी विचारावं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. शेतकऱ्याच्या खिशातून एक रुपया, बाकी हप्ता सरकारचा, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये. त्या हंगामात अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांवर गेली. पुढे ज्या जमिनीवर पीकच नाही तिचा विमा, सरकारी जमिनीचा विमा, दुसऱ्याच्या शेताचा विमा अशी प्रकरणं बाहेर आली. २०२५ च्या सुरुवातीला तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सुमारे ४ लाख अर्ज बोगस आढळल्याचं सांगितलं. त्याच वर्षी खरिपापासून एक रुपयाची योजना गेली आणि शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला.

सर्वेक्षण करणाऱ्याने यातून एक युक्ती उचलण्यासारखी आहे. बोगस विमा पकडायला प्रत्येक अर्ज फोडून पाहण्याआधी एक बेरीज पुरते. एखाद्या गावात सोयाबीनचं विमा उतरवलेलं क्षेत्र प्रत्यक्ष पेरलेल्या क्षेत्राहून जास्त भरलं, तर त्या गावात कुठेतरी खोट आहे हे एकही अर्ज न वाचता कळतं. आपल्या कापूस सर्वेक्षणातही आलेल्या उत्तरांतला एकूण पेरा गावच्या नोंदीशी ताडून पाहावा. खोटं उत्तर रचणारा आपल्या पानापुरता विचार करतो, गावाची बेरीज त्याच्या डोक्यात नसते.

आता येतो सर्वांत अवघड भाग, सारखेपणाचा. नोबल कुरियाकोसे आणि मायकेल रॉबिन्स या संशोधकांनी जगभरातल्या हजारावर सर्वेक्षणांमध्ये प्रत्येक उत्तरपत्रिका दुसऱ्या प्रत्येकीशी किती जुळते ते मोजलं. ८५ टक्क्यांहून जास्त जुळणाऱ्या जोड्या त्यांनी संशयित धरल्या, आणि जवळजवळ पाचातल्या एका सर्वेक्षणात अशा उत्तरपत्रिका चिंताजनक प्रमाणात असल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१६ मध्ये या कसोटीवर आक्षेप घेतला. प्रश्न किती आहेत, उत्तरं देणारे किती आहेत आणि ती माणसं मुळात एकमेकांसारखी किती आहेत, यावर जुळणी अवलंबून असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

अल्लीपूरच्या बाबतीत मला प्यूचं म्हणणं पटतं, आणि ते हिशेबाने दाखवता येतं. हो किंवा नाही अशा उत्तराचे दहा प्रश्न घ्या. मतं निम्मी-निम्मी विभागली असतील, तर कोणत्याही दोन माणसांची दहाही उत्तरं जुळण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. दोनशे उत्तरांच्या १९,९०० जोड्या होतात, म्हणजे योगायोगाने जुळलेल्या जोड्या वीसच्या आसपास. पण गाव एकाच काळ्या मातीचं, पिकं कापूस, सोयाबीन आणि तूर, पाऊस सगळ्यांना सारखाच. प्रत्येक प्रश्नाला दहातले नऊजण एकच उत्तर देत असतील, तर एका प्रश्नावर दोघं जुळण्याची शक्यता ८२ टक्के आणि दहाही प्रश्नांवर जुळण्याची जवळजवळ १४ टक्के. म्हणजे त्याच १९,९०० जोड्यांपैकी अडीच हजारांहून जास्त जोड्या तंतोतंत सारख्या, आणि त्यात खोटं एकही नाही. बोंडअळीने सगळ्यांचंच नुकसान केलं असेल, तर सगळे तेच सांगणार.

नावांचंही तसंच. दुबार पकडायला नाव आणि जन्मतारीख जुळवतात. आपल्याकडे जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै चढला, आणि आधारमध्ये फक्त साल सांगणाऱ्याला १ जानेवारी मिळाला. एका गावात एकाच आडनावाची पंचवीस घरं, त्यात एका नावाची तिघं आणि तिघांचीही तारीख १ जानेवारी, यात नवल काही नाही. संगणक त्या तिघांना एक समजतो. उलट एकच बाई एका कागदावर शांता, दुसऱ्यावर शांताबाई. एकच गृहस्थ इथे मारोती, तिथे मारुतीराव. इंग्रजी अक्षरांत ज्ञानेश्वर लिहिण्याचे चार प्रकार. संगणक त्या एकाला चौघं समजतो. राव, बाई, जी बाजूला काढून आणि उच्चाराच्या जवळपणावरून जुळवणी केली, तरच नावाची तपासणी आपल्या कामाची होते.

संगणक-प्रोग्रॅमने भरलेल्या बनावट उत्तरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गावच्या सर्वेक्षणाला त्यांचा धोका कमी आणि बक्षीस देणाऱ्या खुल्या सर्वेक्षणांना फार मोठा आहे. पानावर माणसाला न दिसणारा रकाना ठेवायचा, तो भरला गेला तर भरणारा प्रोग्रॅम आहे हे कळतं. मध्येच ‘इथे तिसराच पर्याय निवडा’ असा प्रश्न घालायचा. न घडलेल्या गोष्टीबद्दलही विचारायचं. प्यूने २०२४ मध्ये दाखवून दिलं की पैशासाठी भरल्या जाणाऱ्या अशा एका सर्वेक्षणात तिशीखालच्या १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचं सांगितलं. पण भाषा लिहिणारे नवे संगणक-प्रोग्रॅम असे सापळे आता वाचून, समजून टाळतात. त्यामुळे येत्या काळात नुसत्या चतुर प्रश्नांवर विसंबता येणार नाही.

मग त्या चाळीस उत्तरांचं काय करायचं? मी आधी प्रत्येकात माणसामाणसागणिक बदलणारी गोष्ट शोधेन. पेरणीची तारीख, बियाण्याचा वाण, शेत घरापासून किती लांब, दुबार पेरणी झाली का, कापूस कोणत्या भावाने गेला. खरी माणसं मतांत सारखी असली तरी या तपशिलांत पांगतात. रचणारा मात्र गोल आकड्यांकडे ओढला जातो. त्याच्याकडे सगळ्यांचं शेत दोन किलोमीटरवर आणि सगळ्यांची पेरणी १५ जूनला होते. मग भरण्याचा वेळ पाहायचा. रांगेतल्या काकांना कधी तीन मिनिटं लागतात, कधी मध्येच कोणाशी बोलताना अकरा. सगळी उत्तरं बरोबर चार मिनिटांनी आली असतील, तर संशय वाढतो. शेवटी केंद्रवाल्याला या कामाचे प्रत्येक फॉर्ममागे पैसे मिळत होते का, हे विचारायचं. आणि तरीही उत्तर पुसून टाकायचं नाही. त्यातली पाच चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि त्या घरी जाऊन किंवा फोन करून दोनच प्रश्न पुन्हा विचारायचे.

हा आग्रह मी धरतो, कारण गाळणीची किंमत कोण मोजतं हे आपण नुकतंच पाहिलं आहे. लाडकी बहीण योजनेत जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार नावांचे पैसे थांबवले गेले. त्यात पुरुषांची नावं होती, एका घरात दोनहून जास्त लाभ होते. ती तपासणी हवीच होती. पण पुढे ई-केवायसी आली आणि त्यात पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला, तेव्हा जिचे दोघेही हयात नाहीत अशी बाई अडकून पडली. मुदत वाढवून तिच्यासाठी वेगळी वाट करावी लागली. खोटा अर्जदार दुसरा कागद घेऊन परत येतो, अडलेली विधवा एकदा घरी गेली की बहुधा परत येत नाही.

म्हणून सर्वेक्षणाच्या अहवालात एक तक्ता असायलाच हवा. किती उत्तरं आली, किती गाळली, कोणत्या नियमाने गाळली, आणि गाळलेल्यांत बायका किती, अल्पभूधारक किती, साठीच्या पुढचे किती. निष्कर्ष दोनदा काढायचे, एकदा गाळलेली उत्तरं धरून आणि एकदा सोडून. दोन्हींत फरक पडत नसेल तर वाद मिटला. फरक पडत असेल तर दोन्ही आकडे छापायचे आणि पुन्हा विचारलेल्या पाच घरांत काय कळलं, तेही त्यांच्या शेजारी लिहायचं.