किल्लीआधीची चार मिनिटं

डिसेंबरात सकाळी सातला बामणोलीच्या धक्क्यावर थंडी अशी असते, की चहाचा ग्लास पिण्यापेक्षा नुसता हातात धरायलाच बरा वाटतो. वासोट्याला निघालेली पोरं वनखात्याच्या परवान्यासाठी रांगेत उभी होती. आमच्या लाँचवाल्या काकांनी मधली फळी उचलली, आत डोकावले, तळाशी साचलेलं पाणी डब्याने उपसलं आणि इंजिन चालू केलं. दोनदा खोकल्यासारखं करून ते धडधडायला लागलं.

"काका, इंजिनाला हवा काढायचा पंखा नाही का?" मी विचारलं.

"कशाला? डिझेल हाय. त्याला काय हुतंय?" काका हसले. मग पलीकडे लागलेल्या चकचकीत फायबरच्या बोटीकडे मानेनंच खूण करून म्हणाले, "त्यो तिकडं. पेट्रोलवाल्यांना लागतोय त्यो. पण लावतंय कोण?"

या दोन वाक्यांत सगळा विषय आला. कोयनेचं पाणी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अडलं, शिवसागर जलाशय कोयनेच्या खोऱ्यात सुमारे पन्नास किलोमीटर आत पसरला आणि काठावरच्या गावांची पायवाट पाण्याखाली गेली. तापोळा, बामणोली, पलीकडचं कांदाटी खोरं इथं लाँच म्हणजे एसटी. दवाखाना, बाजार, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच. गावच्या या लाँच डिझेलच्या. आता पाण्यावर दुसरी जमात आली आहे. तापोळ्याला स्पीडबोटी आणि वॉटर स्कूटर आहेत, २०२४ मध्ये जावळी तालुक्यातल्या मुनावळ्यात एमटीडीसीचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. इंधन बदललं, पण हाताला सवय जुनीच. डिझेलशी वागायची रीत पेट्रोलला लावली की काय होऊ शकतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

फरक मुळात एवढाच, की डिझेल आळशी आहे. त्याची पेट घेण्याजोगी वाफ व्हायला साधारण पन्नास अंशांच्या आसपास तापावं लागतं. पेट्रोलला ही अट नाही. शून्याखाली चाळीस अंशांतसुद्धा ते पेटण्यापुरती वाफ सोडतं, म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात त्या पहाटेला पेट्रोलच्या दृष्टीने उन्हाळाच म्हणायचा. ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागा शोधून तिथे बसते.

आपल्या घरात याचा धाकटा भाऊ आहे. स्वयंपाकघरातला गॅसही हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडर गळला तर तो ओट्याखाली, फरशीलगत साचतो. वास आला की दिव्याचं बटण दाबायचं नाही, आधी दारं-खिडक्या उघडायच्या, हे सांगलीतली माझी मावशी झोपेतसुद्धा सांगेल. स्वयंपाकघराला निदान दार तरी असतं. जिचं इंजिन पोटात असतं, त्या इनबोर्ड बोटीच्या तळाला तेही नाही. तळ म्हणजे एक बंद टोपली. बाजूच्या भिंती पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या, त्यामुळे वाफही बाहेर जात नाही. मोटारगाडीतून पेट्रोल ठिबकलं तर ते रस्त्यावर पडतं आणि वाऱ्यावर उडून जातं. बोटीतून ठिबकलेलं पेट्रोल बोटीतच राहतं.

किती पेट्रोल पुरतं? एक साधा हिशेब करू. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की मिश्रण स्फोटक होतं. इंजिनाचा कप्पा एक घनमीटरचा धरला, म्हणजे हजार लिटर हवा, तर चौदा लिटर वाफ हवी. एवढी वाफ सत्तर-ऐंशी मिलीलिटर पेट्रोलमधून निघते. टपरीवरच्या कटिंग चहाचा एक ग्लास. शिवाय वाफ तळाशी गोळा होते, म्हणजे कप्प्याचा वरचा भाग निर्धोक असतानाही खालच्या वीतभर जागेत मिश्रण तयार झालेलं असू शकतं. सैल झालेल्या एका क्लॅम्पमधून रात्रभर थेंब-थेंब गळलं तरी पुरे.

आता ठिणगी. किल्ली फिरवली की स्टार्टर मोटारच्या आत कार्बन ब्रशवर ठिणग्या उडतात. बोटीच्या स्टार्टरला, अल्टरनेटरला, पंख्याच्या मोटारला अशी बांधणी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. मोटारगाडीच्या सुट्या भागांना ती नसते, कारण गाडीला तिची गरजच नाही. इथे आपल्या जुगाडाची हौस नडते. कऱ्हाड किंवा सांगलीच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात, आकाराने अगदी तंतोतंत बसणारा गाडीचा अल्टरनेटर कमी पैशांत मिळतो. तो बसतो, चालतो, बॅटरी चार्ज करतो. वाफ साचलेल्या दिवशी काय करेल, ते बिलावर लिहिलेलं नसतं. इंजिनाने उलटा भडका मारला तर ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून हवा आत जाण्याच्या तोंडाशी जाळीची टोपी असते. ती साफ करायला काढून 'नंतर लावू' म्हणून डिकीत पडलेली मी पाहिली आहे.

या सगळ्यावर पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे ब्लोअर. इंजिनाच्या कप्प्यातली हवा ओढून बोटीबाहेर टाकणारा विजेचा छोटा पंखा. त्याच्याबद्दल एक गैरसमज जवळपास सगळीकडे दिसतो, की तो इंजिन थंड करायला आहे. म्हणून बोट तापली की लावतात आणि गार इंजिन सुरू करताना विसरतात. खरं काम नेमकं उलट वेळेचं. अमेरिकेत १९४० च्या मोटरबोट कायद्यापासून पेट्रोल इंजिनाच्या बंद कप्प्याला हवा खेळवणारी नळी सक्तीची झाली. १९८० नंतर बांधलेल्या, स्टार्टरने चालू होणाऱ्या पेट्रोलच्या इनबोर्ड बोटींना विजेचा पंखाही सक्तीचा झाला. किल्लीजवळ एक पाटी लावावी लागते: इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा आणि तळाशी पेट्रोलची वाफ आहे का ते बघा. पाटीच्या दुसऱ्या अर्ध्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या मते महत्त्वाचा तोच.

कारण नुसता पंखा चालवणं पुरत नाही, आणि गळती मोठी असेल तर पंखाच धोक्याचा. जास्तीत जास्त ७.६ टक्क्यांपर्यंत मिश्रण पेटतं. त्यापेक्षा दाट असेल तर हवा कमी पडते, ठिणगी पडली तरी काही होत नाही. पण दाट मिश्रणात पंख्याने ताजी हवा ओढली की ते विरळ होत होत पेटण्याच्या टप्प्यातूनच जातं. म्हणून क्रम असा: आधी फळी उचला, वाका आणि नाकाने वास घ्या. तीव्र वास आला तर पंखा, दिवा, तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप, मोबाइलची बॅटरी, कशालाही हात लावू नका. माणसं उतरवा, झाकणं उघडी ठेवा, गळती शोधा. वास नसेल तर पंखा चार मिनिटं चालवा आणि मग किल्ली.

नाकावर मात्र किती विसंबायचं? दिवसभर कॅनमधून पेट्रोल ओतणाऱ्या माणसाचं नाक संध्याकाळपर्यंत त्या वासाला सरावतं, त्याला तो वास येतच नाही. बोटीवर नुकत्या चढलेल्या माणसाला विचारणं हा साधा उपाय. प्रवाशांपैकी एखाद्या आजींनी "काहीतरी रॉकेलसारखं येतंय बाई" म्हटलं, तर हसून नेऊ नये, फळी उचलून बघावी. वाफ ओळखणारा डिटेक्टरही मिळतो आणि धंद्याच्या बोटीला तो परवडायला हवा.

इंधन भरण्याची वेळ तर सगळ्यात नाजूक. शिवसागरावर इंधन येतं ते कॅनमधून. बोटीत ठेवलेल्या कॅनमध्ये पंपावर भरायचं नाही, कॅन जमिनीवर ठेवून भरायचा, नाहीतर भरताना साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. भरताना प्रवासी खाली, इंजिन बंद, विडी-काडी दूर आणि इंजिनाच्या कप्प्याची झाकणं बंद, कारण सांडलेल्या पेट्रोलची वाफ आत उतरू द्यायची नाही. ब्लोअरसुद्धा बंद, नाहीतर तो बाहेरची वाफ आत ओढतो. टाकीचं बूच लावलं, सांडलेलं पुसलं, चिंधी बोटीबाहेर टाकली, की मग झाकणं उघडायची, वास बघायचा, पंखा लावायचा. वॉटर स्कूटरचंही हेच. दिसते खेळण्यासारखी, पण तिचं पेट्रोल इंजिन सीटखाली बंद पोटातच असतं. इंधन भरल्यावर सीट उचलून काही मिनिटं उघडी ठेवायला बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. सुट्टीच्या रविवारी, मागे आठ जणांची रांग असताना, ती मिनिटं कुणी देतं का, हे एकदा उभं राहून बघावं.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मऊ करून भेगा पाडतं. दहा वर्षांपूर्वीच्या बोटीची मूळ नळी अजून तशीच असेल, तर ती हाताने दाबून, वाकवून बघावी. चिकट लागली किंवा वाकवताना तडे दिसले तर बदलावी. पाचशे-हजार रुपयांच्या नळीसाठी बोट जाळण्यात काही शहाणपण नाही.

डिझेलवाल्यांनीही खुशीत राहू नये. त्यांच्या कप्प्यालाही हवा लागतेच, पण वेगळ्या कारणाने. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला साधारण दहा घनमीटर हवा खर्च होते. कप्पा झाकून टाकला तर इंजिन घुसमटतं, काळा धूर सोडतं, ताकद कमी होते. विहिरीत उतरवलेला डिझेल पंप चालू ठेवून खाली जाऊ नये, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला माहीत असतं. तिथे मारणारा कार्बन मोनॉक्साइड बोटीतही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद केबिनच्या, हळू चालणाऱ्या बोटीत धूर मागच्या बाजूने फिरून आत येतो. डोकं दुखायला लागलं की लोक 'बोट लागली' म्हणतात आणि पडदे आणखी घट्ट ओढतात. पडदे उघडावेत.

सांगलीची गोष्ट थोडी वेगळी. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत एनडीआरएफच्या ज्या रबरी बोटी गल्ल्यांतून फिरल्या, त्यांची पेट्रोल इंजिनं मागच्या कडेला, उघड्यावर लावलेली. अशा बोटीला ब्लोअर लागत नाही, वाफ वाऱ्यावर जाते. त्याच महापुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या दुर्घटनेचा इंजिनाच्या कप्प्याशी संबंध नव्हता. पण त्यानंतर पूरपट्ट्यात बोटींचा विषय प्रत्येक पावसाळ्यात निघतो. पुराची बोट वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली पडून असते. टाकीत पेट्रोल तसंच सोडून ताडपत्री बांधली की उघड्या बोटीचीही बंद टोपली होते. टाकी काढून वेगळी ठेवणं हा पाच मिनिटांचा उद्योग.

आगीचं एक कोडं पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. चहूकडे पाणी असूनही पेट्रोलच्या आगीवर ते ओतता येत नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग पसरते. कोरडी पावडर किंवा फोमचा सिलिंडर हवा. आणि तो इंजिनाच्या कप्प्यात नको, सुकाणूजवळ हवा, कारण जळत्या कप्प्यात हात घालून सिलिंडर काढणार कोण? चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तोही स्फोटक, पण हलका. म्हणून हवेची वाट खाली पेट्रोलसाठी आणि वर हायड्रोजनसाठी, दोन्हीकडे लागते.

यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. राज्यात या बोटींची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं. तपासणी वर्षातून एखाद्या दिवशीची. उरलेल्या दिवसांत बोट बघायची ती बोटवाल्याने.

त्या सकाळी मी पलीकडच्या फायबरच्या बोटीजवळ गेलो. चालवणारा पोरगा विशीतला, बोलायला मोकळा. पंखा आहे का विचारलं तर "आहे की, वाजतो चांगला" म्हणत त्याने बटण दाबलं. पंखा खरंच वाजला. मी बोटीच्या बाहेरच्या बाजूला, हवा निघते त्या भोकावर हात धरला. काहीच लागलं नाही. त्याने मग स्वतः हात धरून बघितला, चेहरा पडला. फळी उचलली. ब्लोअरची लवचिक नळी तळापर्यंत नीट गेली होती, टोक तळाच्या पाण्याच्या वर, अगदी हवं तिथं. निघालं ते बाहेरच्या टोकाशी. पावसाळाभर बोट काठाला ओढून ठेवलेली होती, तेवढ्यात कुंभारीण माशीने भोकात मातीचं घर लिंपलं होतं, मूठभर, कोरडं ठणठणीत. पोराने बाभळीची काडी घेऊन ते पोखरून काढलं, फुंकर मारली आणि पुन्हा बटण दाबलं.

"आता लागतंय बघा, सर," तो म्हणाला आणि माझा हात धरून भोकावर ठेवला.

मागून प्रवासी ओरडत होते, "अरे, चल की!" त्याने मोबाइल काढून वेळ बघितली.