पाणबुडी परत गेली, मग राहिलं काय?

कृष्णा-तारळीच्या संगमावरच्या आपल्या उंब्रजपासून समुद्र तसा लांबच. भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यात लष्कर असतं, नाहीतर पोलीस. पाणबुडी फारशी कुणाच्या यादीत नसते. म्हणून आज एक प्रश्न तुम्हालाच. अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी किती वर्षं नोकरी करते?

डिझेलच्या पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावंच लागतं. आण्विक पाणबुडीला ती कटकट नाही. अणुभट्टीच्या उष्णतेवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. श्वासाचा ऑक्सिजन आणि पिण्याचं पाणीही समुद्राच्या पाण्यातूनच मिळतं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांची अणुभट्टी तर ३३ वर्षं नवं इंधन न भरता चालावी, अशी बनवलीय. तरी काही महिन्यांनी बंदरात यावं लागतं, कारण आतल्या माणसांचा शिधा संपतो.

पण पोलादही थकतं. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. प्रत्येक बुडीत कवच दबतं, वर आलं की मोकळं होतं. तार सारखी वाकवली की तुटते, तसलाच हा प्रकार. निवृत्तीनंतर किरणोत्सारी भागांचा प्रश्न उरतोच. ब्रिटनची पहिली आण्विक पाणबुडी 'ड्रेडनॉट' १९८० मध्ये सेवेतून गेली आणि पुढे चाळीस वर्षं उलटली तरी रोसाइथच्या गोदीतच पडून होती.

आता आपल्याकडचा हिशोब बघा. पहिली 'आयएनएस चक्र' सोव्हिएत नौदलात १९६७ मध्ये दाखल झालेली. आपण ती जानेवारी १९८८ मध्ये भाड्यानं घेतली आणि तीन वर्षांनी परत केली. दुसरी 'चक्र' एप्रिल २०१२ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झाली, दहा वर्षांच्या करारावर. जून २०२१ मध्ये तीही रशियाकडे निघाली. जहाजं गेली, पण त्यांवर अणुभट्टी सांभाळायला शिकलेली माणसं आपल्याकडेच राहिली. आपली स्वतःची 'अरिहंत' चालवताना तेच शिक्षण कामी आलं.

'अरिहंत' मात्र क्षेपणास्त्रं घेऊन दडून राहणारी. शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या हुडकून मारणारी आण्विक पाणबुडी 'चक्र' गेल्यापासून आपल्याकडे नाही. अशा दोन पाणबुड्या देशातच बांधायला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. बांधायला दहाएक वर्षं सहज जातील. म्हणजे त्यांवर जाणारी माणसं आज कुठंतरी दहावी-बारावीत असतील.

देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये आपल्या साताऱ्यातच सुरू झाली. नौदलात पाणबुडीवर कुणाला जबरदस्तीनं पाठवत नाहीत, स्वतःहून नाव द्यावं लागतं. तेव्हा पळणं चालू ठेवाच, पण बारावीचं फिजिक्स 'ऑप्शन'ला टाकण्याआधी एकदा विचार करा.